पुरानंतरच्या घरमदतीवर देखरेख कशी ठेवावी: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पुराचे पाणी घरांत शिरले की आपल्या बडोद्यात गल्लोगल्ली स्वयंसेवक उभे राहतात. ३१ जुलै २०१९ च्या अतिवृष्टीनंतर ते दिसले, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीने समा, फतेगंज, अकोटा, वडसर, परशुराम भठ्ठा अशा वस्त्यांना वेढले तेव्हाही दिसले. जेवणाची पाकिटे आणि पिण्याचे पाणी पोहोचवण्याचे काम आपल्या मंडळांना उत्तम जमते. घरांसाठी जाहीर झालेला सरकारी पैसा योग्य दारी पोहोचतो की नाही, यावर लक्ष ठेवण्याचे काम मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते महिनोन्‌महिने चालते, त्यात फोटो काढण्यासारखे काही नसते आणि त्यासाठी काही गोष्टी आधी शिकून घ्याव्या लागतात. प्रभागाच्या नागरिक समितीत बसणारे, सर्वेक्षण पथकाबरोबर फिरणारे किंवा अर्ज भरून देणारे जे कोणी या कामात नव्याने येत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. गैरव्यवहार रोखणे म्हणजे पूरग्रस्तावर संशय घेणे नव्हे. ज्याच्या घरातली पेटी चिखलात गेली, त्याच्याकडून आणखी एक दाखला मागितल्याने चोरी थांबत नाही, कारण ज्याला चोरी करायची असते त्याचे कागद नेहमीच पूर्ण असतात. देखरेख ठेवायची ती लिहिणाऱ्या, मंजूर करणाऱ्या आणि पैसा सोडणाऱ्या हातांवर. तपासणीचा भार शक्यतो त्यांनीच उचलावा, घर गेलेल्या माणसाने नव्हे.

निकष आधी, वस्ती नंतर

वस्तीत पाऊल टाकण्यापूर्वी मदतीचे निकष हाताशी असले पाहिजेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत आपल्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो, आणि त्यातून किती द्यायचे हे केंद्र सरकार ठरवते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये मिळतात. पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड झाली असेल तर ६,५०० रुपये, तितकीच पडझड झालेल्या कच्च्या घराला ४,००० रुपये आणि पडझड झालेल्या किंवा पूर्ण पडलेल्या झोपडीला ८,००० रुपये. घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात राहिले, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये वेगळे मिळतात. राज्य सरकार यात आपली भर घालू शकते आणि आकडे वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या वर्षीच्या परिपत्रकाची प्रत कार्यालयातून घ्यावी आणि तीच प्रमाण मानावी.

हे आकडे पुन्हा एकदा सावकाश वाचावेत, कारण गैरव्यवहार नेमका कुठे घडेल हे तेच सांगतात. ‘अंशतः’ या शब्दाऐवजी ‘पूर्ण’ हा शब्द लिहिला की पक्क्या घरासाठी १,१३,५०० रुपयांचा फरक पडतो. ‘झोपडी’ऐवजी ‘कच्चे घर’ लिहिले, आणि ते पूर्ण पडलेले असेल, तर फरक १,१२,००० रुपयांचा. एका माणसाच्या हातातल्या पेनाने लिहिलेल्या एका शब्दाला एवढी किंमत असते, तेव्हा तो शब्द विकला जाण्याची शक्यता असते, आणि न विकता निष्काळजीपणे चुकीचा लिहिला जाण्याची शक्यता त्याहून अधिक असते. दोन्हींचा परिणाम गरिबाच्या दृष्टीने सारखाच.

पंचनाम्याचा दिवस

आपल्याकडच्या महसुली कागदांत पंचनाम्याला पंचरोजकाम असेही म्हणतात. काही म्हटले तरी सगळ्या कार्यक्रमाचे भवितव्य याच दिवशी ठरते. नंतर जिओटॅग (फोटोबरोबर होणारी जागेची नोंद) असो, बँकेत थेट जमा होणारी रक्कम असो, ती सगळी यंत्रणा पंचनाम्यात लिहिलेले खरे मानूनच चालते.

नदीकाठच्या एका गल्लीतला पंचनामा मला तपशिलाने आठवतो. तलाठी भाऊ उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून, गुडघ्यावर पाटी ठेवून लिहीत होते. घर एक, खोल्या दोन आणि अर्ज दोन भावांचे दोन. रेशनकार्डेही वेगळी होती. दलालाने शिकवलेली युक्ती असावी असे बरोबरच्या एकाने कुजबुजत म्हटले. तेवढ्यात पथकातल्या बाईंनी आत जाऊन दोन्ही खोल्यांतल्या ओट्यांवर हात फिरवला. दोन्हीकडे भिंत वर्षानुवर्षांच्या धुराने काळी पडलेली होती, दोन्हीकडे तेलाचा चिकट थर होता, आणि पुराच्या गाळाची रेघ त्या थरावर उमटलेली होती. दोन चुली जुन्या होत्या; मदत मिळवण्यासाठी परवा मांडलेल्या नव्हत्या. ही खात्री कोणत्याही दाखल्याने झाली नसती. तलाठ्यांनी दोन कुटुंबे अशी नोंद केली आणि भिंतीवरच्या रेघेची उंची टेपने मोजून तीही लिहिली.

यावरून पंचनाम्यात काय पाहावे ते सांगता येते. पाण्याची रेघ जमिनीपासून किती उंचीवर आहे ते मोजून लिहावे. शेजारच्या पाच घरांत रेघ चार फुटांवर असताना मधल्याच घरात सात फूट लिहिलेले असेल तर प्रश्न विचारता येतो. भिंती, छप्पर आणि जोते यांचे वर्णन वेगवेगळे असावे. ‘घराचे मोठे नुकसान’ या शब्दांना काही अर्थ नाही. फोटोत घर ओळखू येईल अशी खूण हवी, मग ते घरक्रमांकाचे पत्र्याचे फलक असो, विजेचा मीटर असो किंवा समोरचे देऊळ. पंच त्याच गल्लीतले असावेत, पण अर्जदाराचे नातेवाईक नसावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पंचनामा अर्जदाराला त्याला कळणाऱ्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच सही किंवा अंगठा घ्यावा. कोऱ्या अथवा अर्धवट भरलेल्या नमुन्यावर सही घेतली जात असेल, तर नम्रपणे पण ठामपणे थांबवावे. रिकामी ठेवलेली ‘पडझडीचा प्रकार’ ही चौकट कार्यालयात कोण भरणार, हे कुणालाच माहीत नसते.

भाडेकरूंचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. घराच्या पडझडीची रक्कम मालकाची, परंतु वाहून गेलेले कपडे आणि भांडी तिथे राहणाऱ्याची असतात. मालक दुसऱ्या भागात राहतो, वेराबिल (घरपट्टीचे बिल) त्याच्या नावावर आहे, म्हणून सगळ्या रकमा त्याच्याच नावे लिहिल्या जातात, असे वारंवार होते. विचारावे फक्त एवढेच: पाणी आले त्या रात्री या घरात कोण झोपले होते? उत्तर शेजारी देतात.

आणखी एक बाब नवख्यांच्या लक्षात सहसा येत नाही. जुन्या वाड्यांच्या आणि मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती पाणी असताना उभ्या राहतात आणि पाणी ओसरून सुकू लागल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी बसतात. पहिल्या आठवड्यात प्रामाणिकपणे ‘अंशतः’ लिहिलेले घर तिसऱ्या आठवड्यात जमीनदोस्त होते, आणि मग फेरतपासणीचा अर्ज देणाऱ्याकडे लबाड म्हणून पाहिले जाते. म्हणून फेरतपासणीची मुदत जाहीर करून घेणे हे देखरेख करणाऱ्याचे काम आहे. २००१ च्या भूकंपानंतर याच राज्यात घरांच्या पडझडीचे ग१ ते ग५ असे पाच वर्ग ठरवले होते, आणि पहिल्या सर्वेक्षणाविरुद्ध तक्रारींचा पाऊस पडल्यावर फेरसर्वेक्षण करावे लागले होते.

यादी भिंतीवर लागली पाहिजे

पंचनामे झाले की यादी तयार होते. ही यादी प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लावणे पुरेसे नाही. ज्या गल्लीची यादी आहे त्या गल्लीच्या तोंडाशी ती लागली पाहिजे. तिच्यात नाव, घराची ओळख, पडझडीचा प्रकार आणि मंजूर रक्कम एवढे असावे. आधार क्रमांक, मोबाइल आणि बँक खाते हे मात्र कोणत्याही परिस्थितीत भिंतीवर येऊ नये, कारण त्यावरून दुसरीच फसवणूक सुरू होते. नाकारलेल्या अर्जांची यादीही कारणासह शेजारीच लावण्याचा आग्रह धरावा. मला हा मुद्दा सर्वांत कळकळीने सांगावासा वाटतो, कारण आपण सगळे खोट्या लाभार्थ्यांच्या मागे लागतो आणि खरा माणूस यादीतून गळला याची नोंद कुठेच होत नाही.

यादी लागल्यावर ती कुणीतरी वाचून दाखवावी. संध्याकाळी कामावरून लोक परतल्यावर, गुजरातीत, हिंदीत आणि गरज असेल तिथे मराठीत. ‘अमुक घरी तर कुणी राहतच नव्हते’ हे वाक्य कोणत्याही संगणकापेक्षा लवकर शेजारीण बोलते, फक्त तिला विचारले गेले पाहिजे. किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) महाराष्ट्रातल्या पुनर्वसन कार्यक्रमात गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले होते; बांधकामाची माहिती घरोघर पोहोचवणे आणि लोकांचे म्हणणे अधिकाऱ्यांपर्यंत नेणे हे त्यांचे काम होते. आपल्या प्रभागांत अशी नेमणूक नसली तरी महिला मंडळांना हे काम सहज पेलते.

चार कामे, चार माणसे

नुकसान लिहिणारा, मंजूर करणारा, पैसे सोडणारा आणि काम पाहून दाखला देणारा ही चार माणसे वेगळी असली पाहिजेत. मनुष्यबळ कमी आहे या कारणाने दोन कामे एकाच टेबलावर आली की गैरव्यवहाराची सोय होते, मग टेबलामागचा माणूस कितीही सज्जन असो. कोणत्या कागदावर कोणाची सही आहे याचा तक्ता करावा. एकच सही दोन ठिकाणी दिसली तर लेखी विचारणा करावी.

याच्या जोडीला दहातल्या एका घराची फेरपाहणी दुसऱ्या प्रभागाच्या पथकाकडून करून घ्यावी. घर कोणते, हे चिठ्ठ्या टाकून आणि सर्वांसमक्ष ठरवावे. पथकाला आपल्या कामावर दुसरे डोळे फिरणार आहेत हे आधीपासून माहीत असणे, हाच या फेरपाहणीचा मोठा उपयोग.

तपासणी न करता घाईने पैसे सोडले की काय होते, याचा मोठा दाखला अमेरिकेतला आहे. २००५ मधील कॅटरिना आणि रिटा या चक्रीवादळांनंतर व्यक्तिगत मदतीपैकी सुमारे १६ टक्के, म्हणजे जवळपास १ अब्ज डॉलर चुकीच्या किंवा खोट्या मागण्यांवर गेले, असा अंदाज तिथल्या संघराज्याच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००६ मध्ये मांडला. फोनवरून अर्ज करणाऱ्यांची ओळख तपासली जात नव्हती. एका अर्जात तर नुकसान झालेले घर म्हणून दफनभूमीचा पत्ता होता. पैसे सोडण्यापूर्वी पत्ता नीट तपासलाच गेला नव्हता.

हप्ते आणि बांधकाम

रक्कम एकगठ्ठा द्यायची की हप्त्यांनी, यावर लोकांची मते तीव्र असतात. माझे मत असे की कपडे-भांडी आणि किरकोळ दुरुस्तीची रक्कम एकदम द्यावी, तिच्यासाठी माणसाला खेटे घालायला लावू नये. घर नव्याने बांधायचे असेल तर मात्र हप्ते हवेत आणि प्रत्येक हप्ता कामाच्या टप्प्याला बांधलेला हवा. २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये बहुसंख्य घरे मालकांनी स्वतः उभी केली, ती अशाच हप्त्यांवर, आणि पुढचा हप्ता अभियंत्याने काम पाहून दाखला दिल्यावर मिळत असे. नेपाळात २०१५ च्या भूकंपानंतर तीन लाख नेपाळी रुपये ५०,०००, दीड लाख आणि एक लाख अशा तीन हप्त्यांत देण्यात आले.

हप्त्यांच्या पद्धतीत धोका दाखल्याशी असतो. अभियंता जागेवर न जाता दाखला देतो, किंवा जागेवर जातो आणि दाखल्याची किंमत मागतो. त्यासाठी तीन गोष्टी तपासाव्यात. दाखल्याची तारीख आणि फोटोची तारीख जुळते का. एकाच अभियंत्याने एका दिवसात चाळीस घरे पाहिल्याची नोंद आहे का, कारण एवढी घरे कुणाला पाहून होत नाहीत. आणि जोत्याचा टप्पा पूर्ण झाल्यापासून दाखला मिळेपर्यंत किती दिवस गेले. हा तिसरा आकडा फार बोलका असतो. काही घरांचे दाखले चार दिवसांत आणि शेजारच्यांचे दोन महिन्यांनी निघत असतील, तर मधल्या काळात काय मागितले गेले हे त्या घरांतच विचारावे.

ठेकेदाराकडून घरे बांधून दिली जात असतील तर सिमेंटच्या गोण्या मोजाव्यात, विटांना पाणी मारले जाते का पाहावे आणि गवंड्याशी बोलावे. माल कितीचा आला आणि लागला किती, हे मिस्त्रीला पक्के ठाऊक असते.

तरीही हप्त्यांची शिस्त आंधळेपणाने लावू नये. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात कॅटरिना-रिटानंतरच्या ‘रोड होम’ या कार्यक्रमाखाली घरे पुराच्या पाण्याच्या वर उंचावण्यासाठी प्रत्येकी ३०,००० डॉलरपर्यंत अनुदान दिले होते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या संघराज्याच्या गृहनिर्माण खात्याच्या महानिरीक्षकांनी दाखवून दिले की सुमारे २४,००० घरमालकांनी घर उंचावल्याचा पुरावाच दिलेला नाही आणि रक्कम जवळपास ७० कोटी डॉलर आहे. पण त्यातल्या अनेकांनी तो पैसा घराच्या दुरुस्तीतच घातला होता, कारण दुरुस्तीचे अनुदान अपुरे पडले होते. हिशेबात ही रक्कम गैरवापर ठरते, आणि प्रत्यक्षात छप्पर झालेले असते. लबाडी आणि नड यांतला फरक देखरेख करणाऱ्याला कळला पाहिजे, आणि तो अहवालात स्पष्ट लिहिला पाहिजे.

जुळणीत संशय आला तर

आजकाल याद्या संगणकावर जुळवल्या जातात: एकच बँक खाते, एकच मोबाइल, एकच फोटो दोन अर्जांत. खाते एकच असेल तर ते नक्कीच पाहावे, कारण गरिबांची खाती भाड्याने घेऊन त्यांतून पैसे काढणारे लोक असतात. मोबाइलचे मात्र तसे नाही. पुरात फोन बुडालेले असतात आणि गल्लीतला एखादा कॉलेजात जाणारा मुलगा स्वतःचा क्रमांक वीस अर्जांवर लिहितो, कारण कार्यालयाचा निरोप घेण्यासाठी चालू फोन तेवढा एकच असतो. असा मुलगा मी पाहिला आहे. दलाल समजून त्याच्या वीसही अर्जांवर लाल शेरा पडला होता, आणि तो पुसला जाईपर्यंत दिवाळी उलटली. म्हणून जुळणीत काही सापडले की अर्ज कापू नये, घरी जाऊन विचारावे आणि काय आढळले ते लिहून शेरा उठवावा.

कुणी पैसे मागितले तर

अर्जाचा नमुना विनामूल्य असतो. ‘साहेबांकडून पूर्ण पडझड लिहून आणतो, निम्मे माझे’ असे म्हणणारा माणूस भेटला तर त्याच्याशी वाद घालू नये. तारीख, वेळ, स्थळ आणि त्याचे शब्द त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावेत. सरकारी नोकराने लाच मागितली असेल तर गुजरातच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा निःशुल्क क्रमांक १०६४ आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनुसार लाच देणारासुद्धा गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याला लाच देणे भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत कळवले तर त्याला संरक्षण आहे. हे सात दिवस प्रत्येक पूरग्रस्त कुटुंबाला सांगून ठेवावेत.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चे कलम ५२ जाणूनबुजून खोटी मागणी करणाऱ्यासाठी आहे आणि कलम ५३ मदतीचा पैसा किंवा साहित्य स्वतःच्या उपयोगाला लावणाऱ्यासाठी. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. नागरिकाला या कलमांखाली न्यायालयात तक्रार करायची असेल तर कलम ६० प्रमाणे किमान तीस दिवसांची नोटीस आधी द्यावी लागते.

कागद मागवणे आणि तक्रार नेणे

तोंडी तक्रार हवेत जाते. अर्ज लेखी द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का व इनवर्ड नंबर (आवक क्रमांक) घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तिथे काम झाले नाही तर गुजरात सरकारचा ‘स्वागत’ कार्यक्रम आहे. २००३ पासून चालणाऱ्या या तक्रार निवारण व्यवस्थेत गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्या आहेत, आणि खालच्या पायरीची प्रत जोडल्याशिवाय वरच्या पायरीवर जाऊ नये.

माहिती अधिकार कायदा, २००५ हे या कामातले रोजचे अवजार आहे. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा राज्याच्या राजभाषेत करता येतो, म्हणजे आपल्याकडे गुजरातीत. मराठीत लिहिलेला अर्ज स्वीकारण्याचे बंधन येथे नाही, हे आपल्या मंडळींनी ध्यानात ठेवावे. ज्याला लिहिता येत नाही त्याचे म्हणणे लेखी उतरवून घेण्यास मदत करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे. न मिळाल्यास पहिले अपील तीस दिवसांत आणि दुसरे नव्वद दिवसांत करावे. ‘सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नये. अमुक प्रभागातील पंचनाम्यांची नोंदवही, मंजूर आणि नाकारलेल्या अर्जांची कारणांसह यादी, फेरतपासणीच्या अर्जांवरील निर्णय, असे नेमके मागावे. या कायद्यात कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही अधिकार आहे. चालू बांधकामावर तो वापरला जात नाही, आणि तो वापरावा असे मला मनापासून वाटते.

वही

शेवटी आपली स्वतःची नोंद. घरागणिक एक पान, त्यावर पंचनाम्याची तारीख, लिहिलेला प्रकार, पाण्याच्या रेघेची उंची, हप्त्यांच्या तारखा, दाखल्यांच्या तारखा आणि कोण भेटले त्यांची नावे. शक्य तेवढे त्याच दिवशी लिहावे. आठवड्यानंतर आठवून लिहिलेली नोंद चौकशीत टिकत नाही. सरकारी लेखापरीक्षण बहुतेक वेळा दोन-तीन वर्षांनी येते, तोवर अधिकारी बदललेले असतात आणि फायली हललेल्या असतात, म्हणून वहीची एक छायाप्रत मंडळाच्या कपाटात आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवावी. दोन्ही जागा तळमजल्यावर नसाव्यात.